सतरा नंबरची सीट

खोटं बोलायचं रवींद्र तांबेच्या मनात अजिबात नव्हतं. गाडी तापली होती, एवढंच.

खाडीकाठ प्रवासी सेवेकडे तीन जुन्या गाड्या होत्या. तिन्ही नाकाड्या, म्हणजे इंजिन पुढे बाहेर काढलेलं, खिडक्यांना लाकडी चौकटी आणि घंटीला छतालगत ओढलेली लांबलचक दोरी. शनिवार-रविवारी कोलशेतहून निघायचं, खाडीपूल ओलांडून कळवा, तिथून शीळफाट्यावरून डोंबिवली आणि शेवटी कल्याण. मालक प्रफुल्लशेठ भोईर यांनी या प्रवासाला 'आठवणींची फेरी' असं नाव ठेवलं होतं. ज्यांच्या आठवणी होत्या ते त्या दिवशी घरी झोपा काढायचे आणि ज्यांना काहीच आठवत नव्हतं ती तरुण मंडळी फोटो काढायला यायची.

रवींद्र एक नंबरच्या गाडीवर कंडक्टर. कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं घरी बसून काढली होती, त्यामुळे ही खाकी त्याला राजाच्या झग्यासारखी वाटायची. काम सोपं होतं. तिकीट फाडायचं, घंटी ओढायची आणि अधूनमधून गाडीचा इतिहास सांगायचा. घोडं पेंड खायचं ते इतिहासापाशी. गाडीचा खरा इतिहास असा, की अठरा वर्षं तिने कामगारांची ने-आण केली, मग पंचवीसेक वर्षं ती गंजत पडली आणि शेवटची अकरा वर्षं ती शेठच्या काकांच्या परसात कोंबड्यांचं खुराडं होती. शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रवी, काय पण बोल. कोंबड्यांचं बोलायचं नाही."

तर त्या शनिवारी पुलाचा चढ चढून गाडी कळव्यात उतरली आणि नाकातून वाफ सोडायला लागली. ड्रायव्हर दगडूमामा खाली उतरला, झाकण उघडून बघितलं आणि खिडकीतून म्हणाला, "पानी उकललंय. अर्धा तास कोनी हलू नका."

चाळीस प्रवासी, बारा वाजताचं ऊन. पाच मिनिटं लोकांनी सोसलं. मग तिसऱ्या रांगेतल्या एका काकांनी चष्मा पुसत विचारलं, "काय हो कंडक्टर, या गाडीत कधी काही घडलंबिडलंय की नुसतीच जुनी आहे?"

चाळीस तोंडं रवींद्रकडे वळली. त्याची नजर इकडून तिकडे फिरत सतरा नंबरच्या सीटवर जाऊन थांबली. त्या सीटवर एक चिवट कोंबडी दरवर्षी अंडी उबवायची. गाडी साफ करताना टरफलं त्यानेच खरवडून काढली होती.

"जन्म झालाय या गाडीत," तो म्हणाला. "त्या तिथे. सतरा नंबरवर."

इथपर्यंत माणूस खरंच बोलत होता, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवा. इथेच थांबला असता तर ही गोष्टही इथेच थांबली असती. पण काकांनी विचारलं, "कोणाचा?" आणि रवींद्रची जीभ, जी घरात बायकोपुढे जागची हलत नसे, ती उतारावरच्या गाडीसारखी सुटली. एकाहत्तर साल. मुसळधार पाऊस. खाडीला भरती. रस्त्यात अडकलेली गाडी, अडलेली बाई, पदर धरून उभ्या राहिलेल्या बायका. आणि कंडक्टरने काय करावं? घंटीच्या दोरीचा तुकडा कापला आणि बाळाची नाळ बांधली.

"मुलगा की मुलगी?" मागून कुणीतरी विचारलं.

"मुलगी," रवींद्र म्हणाला. "पहिला आवाज इतका मोठा, की ड्रायव्हरला वाटलं हॉर्न वाजला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. दगडूमामाने गाडी सुरू करता करता आरशातून रवींद्रकडे बघितलं आणि विचारलं, "रवी, ही तीच का रं, लाल तुऱ्याची?"

"मामा, गाडी चालवा तुम्ही."

पुढच्या रविवारी गाडी तापली नव्हती, तरी लोकांनी गोष्ट मागितली. ऐकून आले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात डोळ्याला पदर लावलेल्या बाई परत आल्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरले होते. बाईंनी त्या दिवशी सहज सीटला हात लावून मनातल्या मनात काही म्हटलं होतं आणि सुनेची सुटका अगदी सुखरूप झाली होती. बाईंनी सतरा नंबरवर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि रवींद्रच्या हातावर पेढा ठेवला. तो पेढा त्याच्या घशात कळव्यापासून पार कल्याणपर्यंत अडकून होता.

आता त्याला नेमकी कशाची भीती वाटत होती ते सांगायला हवं. शेठची नव्हे. भीती होती भीमाबाईंची, म्हणजे त्याच्या आईची.

भीमाबाई तांबे वर्तकनगरच्या वसाहतीत चाळीस वर्षं राहत होत्या. विहारात रविवारी मुलांना पंचशील त्या शिकवायच्या आणि चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या जागी, प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत बघून थांबायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी छपन्न साली घरातले देव पाटीत घालून नदीत सोडले, तेव्हापासून त्या घरात नवस नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. मांजर आडवं गेलं तर भीमाबाई मुद्दाम दोन पावलं पुढे जाऊन मांजराला विचारायच्या, "कुठे निघालीस गं?" अशा बाईच्या पोटच्या मुलाने, ज्याने वयाच्या पाचव्या वर्षी चौथं शील त्यांच्याच मांडीवर पाठ केलं, त्याने नवसाची सीट काढली होती.

शेठना मात्र लॉटरी लागली. त्यांनी पितळी पाटी करून सीटच्या वर ठोकली: 'येथे जीवन जन्मले.' दोन खांबांना लाल दोरी बांधून सीट बंद केली. कुणी बसायचं नाही, फक्त दर्शन.

"शेठ," रवींद्र म्हणाला, "मला तुमच्याशी जरा बोलायचंय. ती गोष्ट आहे ना, ती म्हणजे तशी..."

"तशी काय?"

"तशी झालेली नाही."

शेठनी खुर्ची पुढे ओढली. "रवी, पुढच्या चार रविवारांचं बुकिंग फुल आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत गाडीत कोण होतं सांग. तू, मामा आणि माझी सासू. आता तू मला सांगतोस झालेली नाही. मी काय ऐकलं सांगू? मी काहीच ऐकलं नाही."

गोष्ट वाढत गेली आणि घंटीची दोरी कमी होत गेली. नाळ त्या दोरीने बांधली म्हटल्यावर ज्याला त्याला दोरीचा धागा हवा होता. कुणी मनगटाला बांधायला, कुणी उशाखाली ठेवायला. नखं कापायची कातरी काढून बायका गुपचूप दोन बोटं तुकडा कापायच्या. दिवाळीनंतर दोरी ड्रायव्हरच्या डोक्यावर वीतभर उरली. रवींद्र मागच्या दाराशी उभा राहून ओरडायचा, "मामा, चला." आणि मामा पुढून विचारायचा, "टन का टन टन?"

घरी निराळीच पंचाईत झाली. प्रवासी आग्रहाने नारळ हातात द्यायचे. फेकवत नव्हते, म्हणून तो घरी आणायचा.

"दर शनिवार-रविवारी नारळ कुठून येतात रे?" भीमाबाईंनी विचारलं.

"लोक गाडीत विसरतात."

"छत्र्या नाही विसरत? डबे नाही विसरत?"

"नारळच विसरतात जास्त."

"आणि कुंकू लावलेले?"

रवींद्रने मान खाली घालून जेवण संपवलं. नारळाची चटणी होती. ती त्याला तिखट लागली, खरं तर तिच्यात मिरचीच नव्हती.

मग एके दिवशी गंगुबाई हजर झाल्या. कळव्याच्या, पन्नाशी उलटलेल्या, ठसठशीत. ऑफिसात शिरल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ती मुलगी मीच."

रवींद्र भिंतीला टेकला.

"माझी आई नेहमी म्हणायची, गंगू, तू वाटेत झालीस. कुठल्या वाटेत ते सांगायच्या आधीच गेली बिचारी. परवा माझ्या भाचीने तुमच्या गाडीचं सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. साल एकाहत्तर. पाऊस. आणि आवाज तर माझा अजून तसाच आहे, विचारा कळव्यात."

शेठ उठून उभे राहिले आणि त्यांनी तिथल्या तिथे गंगुबाईंना हार घातला. तो हार खरं म्हणजे गाडीच्या नाकासाठी आणला होता. "सत्कार," शेठ म्हणाले. "येत्या रविवारी. शाल, श्रीफळ आणि तुमच्या हस्ते सीटची पूजा. रवी, प्रास्ताविक तू करायचं."

त्या आठवड्यात रवींद्रचं वजन दोन किलोने उतरलं असेल. गंगुबाईंकडे बघितलं की त्याला भडभडून यायचं. एका बाईला त्याने स्वतःच्या जिभेने जन्म दिला होता आणि ती बिचारी खूश होती. खरं सांगावं तर तिची जन्मभूमी हिरावली जाणार, नाही सांगावं तर रविवारी माइकवर पुन्हा खोटं बोलायचं. त्याने आजारी पडायचं ठरवलं. पण शनिवारी त्याच्या मुलीने, जागृतीने, सकाळचा चहा पिता पिता मोबाइल आजीपुढे धरला.

"आजी, हे बघ, बाबा व्हायरल झालेत."

भीमाबाईंनी चष्मा लावला. मोबाइलमध्ये लाल दोरी होती, पाटी होती, नारळाची रास होती, उदबत्तीच्या धुरात हात जोडलेल्या बायका होत्या, आणि मागे खाकी कपड्यांत, पेढा तोंडात धरून, त्यांचा रवी.

त्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, मोबाइल परत दिला, चष्मा पुसून ठेवला. "उद्या किती वाजता आहे तुझा कार्यक्रम?" एवढंच विचारलं.

"दहा वाजता," रवींद्र म्हणाला. आजारी पडण्यात आता काही अर्थ नव्हता.

रविवारी कोलशेतच्या थांब्यावर मांडव घातला होता. गाडीला केळीचे खांब लावले होते. सत्तर-ऐंशी माणसं जमली होती, त्यात निम्म्या पोटुशी बायका आणि त्यांच्या सासवा. गंगुबाई जरीची साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जन्माच्या वेळचा पाऊस कसा होता ते सांगत होत्या. शेठनी माइक रवींद्रच्या हातात दिला.

त्याने समोर बघितलं. शेवटच्या रांगेत, पांढरी साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन भीमाबाई उभ्या होत्या. विहारात मुलांच्या डोळ्यांत जशा बघतात तशाच त्या बघत होत्या.

"मित्रहो," रवींद्र म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "या गाडीत कोणी जन्मलेलं नाही. ती गोष्ट मी रचली. गाडी तापली होती, लोक कंटाळले होते, मी बोलून गेलो. पाऊस नव्हता, बाई नव्हती, कंडक्टरने दोरी कापली नाही. ही गाडी अकरा वर्षं कोंबड्यांचं खुराडं होती. सतरा नंबरवर एक कोंबडी अंडी उबवायची. जन्म झाला तो पिल्लांचा. मला माफ करा."

शेठनी डोळे मिटले. दगडूमामाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मग दुसऱ्या रांगेतल्या एक आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "कोंबडी झाली म्हणून काय, आईच ना ती."

"आणि दरवर्षी उबवायची म्हणे," शेजारीण म्हणाली. "जागेचा गुण असल्याशिवाय मुकं जनावर तिथेच का येईल?"

गंगुबाई उठल्या. शाल अजून मिळायची होती, पण पदर त्यांनी शालीसारखाच घेतला. "काय हो तांबे, एकाहत्तर साली तुम्ही होता का तिथे?"

"मी कसा असेन? माझा जन्म..."

"मी होते," गंगुबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेठनी संधी साधून माइक घेतला. "बघा, केवढा मोठा माणूस. श्रेय नको म्हणून सगळा दोष अंगावर घेतो. अशी माणसं आज राहिली नाहीत." पुन्हा टाळ्या. कुणीतरी रवींद्रच्याच गळ्यात हार घातला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत कबुली दिली होती आणि तिची किंमत त्या झेंडूच्या हाराइतकीसुद्धा झाली नव्हती. तो हाराखाली असा उभा राहिला, की बघणाऱ्याला वाटावं, बोकडाला ओवाळतायत.

भीमाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. मुलापाशी क्षणभर थांबल्या. "खरं बोललास ते बरं केलंस," त्या हळूच म्हणाल्या. "उशीर केलास." आणि सरळ गाडीत चढल्या.

आत बायकांची रांग लागली होती. सगळ्यात पुढे पायल नावाची एक पोरगी होती, आठवा सरत आलेला, एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला, चेहरा घामाने निथळत होता. तिच्यासमोर लाल दोरीच्या पलीकडे सतरा नंबरची दोघांची सीट मोकळी होती. तिच्यावर आठ नारळ आरामात बसले होते.

"किती वेळ उभी आहेस गं?" भीमाबाईंनी विचारलं.

"तास झाला, आजी."

"मग बस की."

"तिथे बसत नाहीत, आजी. ती पोटुशी बायकांची सीट आहे."

भीमाबाईंनी तिच्या पोटाकडे बघितलं, मग सीटकडे बघितलं. "नारळांना कितवा महिना आहे?"

पायलला हसू आलं, पण तिच्या सासूने मागून चिमटा काढला. भीमाबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली, लाल दोरीची गाठ सोडली, आठही नारळ एकेक करून खाली ठेवले, पदराने सीट झटकली आणि खिडकीशी ऐसपैस बसल्या. काहीतरी होईल म्हणून सगळे थांबले होते. काही झालं नाही. बाहेरून पाववाला सायकलचा भोंगा वाजवत गेला.

"ये," भीमाबाईंनी पायलचा हात धरला आणि तिला शेजारी बसवलं. पोरीने पाय लांब केले आणि असा सुस्कारा सोडला की पार मागच्या दारापर्यंत ऐकू आला.

दारात उभ्या असलेल्या रवींद्रच्या छातीवरचा दगड हलला. आईने एका मिनिटात निकाल लावला होता. जे त्याला माइकवर जमलं नाही ते तिने नुसतं बसून केलं होतं. त्याला वाटलं, संपलं एकदाचं.

पायलची सासू पुढे झाली. रागाने नव्हे, तिने हात जोडले होते. "आजी, एवढे लोक आले, कुणाचा धीर झाला नाही. तुम्ही कशा बसलात?"

"कशा म्हणजे? गुडघे दुखत होते म्हणून बसले."

सासूने मागे वळून सांगितलं, "आजींचे गुडघे दुखत होते."

"मग आता?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

सगळ्या बायका भीमाबाईंकडे बघायला लागल्या. भीमाबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या आणि या वयात सुरू करायचा विचारही नव्हता. त्यांनी पाय जरा हलवून बघितला. "बसल्यावर बरं वाटणारच ना बायांनो," त्या म्हणाल्या. "कुठेही बसलं तरी वाटतं."

"बरं वाटलं," सासूने मागे सांगितलं. "बरं वाटलं," तिच्या मागचीने तिच्या मागचीला सांगितलं. वाक्याचा उरलेला भाग रांगेत कुणी पुढे नेलाच नाही, तो त्या सीटपाशीच राहिला. गाडीच्या पायरीपर्यंत आणि तिथून मांडवात गोष्ट पोचली तेव्हा खुर्च्यांवरून पाच-सहा म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागली होती. दुसऱ्या रांगेतल्या आजीबाई सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी आत येऊन आधी भीमाबाईंचे पाय धरले.

"अहो सोडा," भीमाबाई म्हणत होत्या. "सोडा हो, मी काही केलेलं नाही."

"मुलगा अगदी आईवर गेलाय," आजीबाई शेजारणीला म्हणाल्या. "दोघांनाही श्रेय नको असतं."

भीमाबाईंनी गर्दीच्या डोक्यांवरून दाराकडे बघितलं. रवींद्रने हाराआड तोंड लपवलं.

संध्याकाळी शेठचा फोन आला. रवींद्रने तो आईसमोरच घेतला, आता लपवायचं काय राहिलं होतं. "रवी," शेठ म्हणाले, "पुढच्या रविवारपासून दोन फेऱ्या. सकाळची बाळंतपणाची, दुपारची गुडघ्यांची. आणि आईंना विचार, महिन्यातून एकदा येतील का, नुसतं बसायला."

"काय म्हणाले?" भीमाबाईंनी विचारलं.

रवींद्रला खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण त्याने सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. भीमाबाईंनी कापडी पिशवीची घडी घालून ठेवली.

"तू खोटं बोललास, चाळीस जणांनी ऐकलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी खरं बोलले, तर पार मांडवाबाहेर गेलं. आता मी विहारात पोरांना काय शिकवू, ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नेहमीची वंदना झाली. रवींद्र आईच्या मागे बसला होता. चौथ्या शीलाला त्याने मान आणखी खाली घातली. वंदना संपली आणि भीमाबाई उठल्या.

नुसत्या उठल्या. एरवी त्या आधी उजवा हात भिंतीला लावायच्या, मग डावा जमिनीवर, मग एक "आई गं" म्हणायच्या आणि मग कुठे उठायच्या. आज त्या एका झटक्यात उभ्या होत्या आणि स्वतःच दचकून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

रवींद्रने बघितलं. त्याने बघितलेलं भीमाबाईंनी बघितलं.

मग भीमाबाई हळूच पुन्हा खाली बसल्या, उजवा हात भिंतीला लावला, डावा जमिनीवर टेकला, "आई गं" म्हणाल्या आणि रीतसर उठल्या.